तुमच्यानंतर कोण?

हळर्ण, पेडणे
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय भावजी,

तेल पाठवलं. दोन कॅन, झाकणं घट्ट आवळून, वर गोणपाट. कुरिअरवाल्याला बजावून सांगितलंय की अंगावर सांडलं तर कातडी सोलून निघेल. गेल्या हंगामातल्या, आपल्याच बागेतल्या काजूबियांच्या टरफलांचं आहे, घाण्यातून काढलेलं, न तापवलेलं. तुम्ही मागितलंत तस्संच.

फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही "सगळं बरं ना?" विचारता आणि मी "बरं" म्हणेपर्यंत तुमच्या मागून कुणीतरी हाक मारतं. पत्रात तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही. शिवाय आपली ओळख ती किती? आमच्या लग्नाला तुम्ही दोन दिवस आलात, पंगतीत मी तुम्हाला सोलकढी वाढली, आणि गेलात. त्यानंतरची सात वर्षं मी तुम्हाला ओळखते ते घरच्यांच्या न बोलण्यावरून. तुमचं नाव निघालं की आई पदराने डोळे टिपतात, बाबा पेपर उघडतात, आणि हे, म्हणजे तुमचे दादा, उठून काजूच्या कारखान्यात जातात. तेल तुमच्यासाठी आहे हे मी यांना सांगितलेलं नाही. कॉलेजच्या केमिस्ट्रीवाल्यांना हवंय म्हटलं.

मी पेडण्याला कॉमर्स शिकवते हे तुम्हाला ठाऊक असेल. आता पीएचडीही करतेय. विषयाचं नाव भारदस्त आहे, 'पेडणे व डिचोली तालुक्यांतील कौटुंबिक उद्योगांचे व्यवस्थापन'. करायचं काय, तर पाव भाजणाऱ्या पदेरांच्या, कुंभारांच्या, गिरणीवाल्यांच्या दारात जाऊन बसायचं, चहा प्यायचा आणि विचारायचं, धंदा कसा चालतो, घरातलं कोण काय बघतं. शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच: तुमच्यानंतर कोण? डिचोलीचा एक पदेर त्यावर इतका हसला की भट्टीचं दार उघडंच राहिलं. म्हणाला, "चलो दुबयत, धूव बँकेंत, आनी हांव हांगा पाव भाजतां. म्हज्या उपरांत हो फोर्नूच!" मुलगा दुबईत, मुलगी बँकेत, त्याच्यामागे फक्त ती भट्टी.

इकडे हंगाम तोंडावर आलाय. हे कामात असतात. महिन्यातून एखादा रविवार वास्कोला जातात, बॉयलरचे सुटे भाग आणायला. आई बऱ्या आहेत. बाबा दारापुढच्या बल्कांवात बाकावर बसलेले असतात.

तुमची वहिनी,
गौरवी


९ मार्च

प्रिय भावजी,

तुमचं पत्र आलं! पोस्टमन शंभू ते हातात देताना म्हणाला, "बाई, तिकीट लावलेलं पत्र हल्ली बघूक मेळणा."

तुम्ही समजावून लिहिलंत म्हणून कळलं. अंतराळातून परतणारं यान हवेत शिरताना तापून लाल होतं, आणि त्याच्या पोटाखालचं कवच तुम्ही घडवता. कवच कार्बनच्या धाग्यांचं आणि राळेचं. तुमची राळ फार तापली की तडकते, आणि आपल्या टरफलांच्या तेलाने ती चिवट होईल अशी तुम्हाला आशा आहे. मी हे हौसाला सांगितलं. ती खानापूरकडची, तुम्ही गेल्यानंतर आली. बी फोडणाऱ्या बायकांत आता तीच जुनी. आपल्या काळ्या पडलेल्या बोटांकडे बघत म्हणाली, "त्यांना सांगा, हे तेल एकदा लागलं की कुणाला सोडत नाही."

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, बाबा फोनवर का येत नाहीत.

मी मागे लिहिलं ते खोटं नव्हतं, ते बल्कांवातच बसलेले असतात. पण उठता येत नाही म्हणून. जानेवारीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बांबोळीच्या इस्पितळात ठेवलं होतं. आता उजवा हात चालत नाही आणि बोलणं जड झालंय. आईंनी मला शपथ घातली होती, "त्याची ती कवचाची चाचणी होईसर कळवू नको. तो सगळा टाकून धावत येतलो." मला मात्र वाटतं त्यांची भीती उलटी होती. कळवलं आणि तुम्ही आला नाहीत तर?

शपथ मोडली. तुम्ही सरळ विचारलंत, मला सरळ खोटं बोलता येईना.

परवा नार्व्याला गेले होते. तिथे नदीकाठी पार्वतीबाई म्हणून आहेत, नवऱ्यामागे भाताची गिरण चालवतात. त्यांनी सगळी उत्तरं दिली. तुमच्यानंतर कोण, म्हणून विचारलं तर त्यांनी सुपातलं भात खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "हें सगळें म्हाका विचारता तूं. तुज्या घरांत कोण मागीर?"

मी म्हटलं, "आमचे हे आहेत ना."

"तांकां विचारलां?"

परतीच्या बसमध्ये मला कळत गेलं की इतकी घरं फिरले, आणि आपल्याच घरात हा प्रश्न मी कुणालाही विचारलेला नाही.

गौरवी


६ एप्रिल

प्रिय भावजी,

हे पत्र लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी जागेचं. मोपाचा विमानतळ झाल्यापासून आपल्याकडच्या डोंगरांवरसुद्धा परक्या गाड्या फिरू लागल्यात. बाहेरच्या एका कंपनीला कारखाना, बाग आणि नदीपर्यंतचा उतार हवाय. रिसॉर्ट बांधणार म्हणतात. बाबांनी एवढंच सांगितलं की दोन्ही मुलगे हो म्हणाले तर माझी हरकत नाही. आणि हे हो म्हणाले. मी भाकऱ्या करत होते तिथे येऊन, पाणी मागावं तसं म्हणाले, "मी हो म्हणून सांगलंय." मग पाणी पिऊन गेले.

मला वाटायचं या माणसाचा जीव कारखान्यात आहे. लग्न ठरवताना आईंनी माझ्या घरी सांगितलं होतं, "थोरल्याला घरची ओढ. वास्कोची नोकरी सोडून आपणहून आला." मी तेच धरून चालले.

म्हणून मी पार्वतीबाईंचं ऐकलं. दुपारची जेवणाची सुट्टी होती. यांना कारखान्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसवलं, फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि म्हटलं, "आता मी तुमची बायको नाही, विद्यापीठातून आलेय." ते हसले. म्हणाले, "बरां बाई, विचारा." माझे मार्गदर्शक म्हणतात की स्वतःच्या घरची मुलाखत प्रबंधात घेता येणार नाही, तटस्थता राहत नाही. बरोबर आहे त्यांचं. ही प्रबंधात जाणार नाही. म्हणून तुम्हाला उतरवून पाठवते.

मी: धंद्यात कधी आलात?

ते: नऊ वर्सां झाली.

मी: स्वतःच्या इच्छेने?

ते: असो पण प्रश्न आसा?

मी: सगळ्यांना विचारते.

ते: बाबांचो फोन इलो. गौरेश गेलो, हंगाम चालू आसा, चार म्हयने ये म्हणाले. टगावर रजा मागून इलंय. कपडे पण थंयच खोलीत ठेवले.

मी: मग?

ते: मगे काय? ते चार म्हयने अजून संपूक नाय.

(टग म्हणजे मोठ्या जहाजांना बंदरात ओढून आणणारी बोट. तिच्या इंजिनावर हे काम करायचे. मी "पोर्टात नोकरी" एवढंच ऐकलं होतं. मला वाटलेलं, टेबलखुर्चीची असेल.)

मी: भावाचा राग आहे?

ते: गेलो म्हणून नाय. तेका जावचाच होता, तो शाळेत असल्यापासून आकाशाकडे बघत चालायचो, गडग्यांवर आपटायचो. पण जाताना माका विचारूक जाय होता. एक फोन. दादा, मी जातंय, तू बघशील? मी हो म्हणालो असतंय, कदाचित. पण विचारूक जाय होता. बाबांनी नाय विचारल्यानी, तेणां नाय विचारल्यान. खंयची तरी वस्तू उचलून खंय ठेवतत, तसो मी.

मी: बॉयलरचे भाग वास्कोलाच मिळतात?

ते: म्हापशात मेळतत.

मी: मग रविवारी वास्कोला?

ते: बाबली आसा थंय, माज्याबरोबर होतो तो. तेंच्या टगाचा इंजीन उघडतत तेव्हां जातंय. काय करणंय नाय. हात काळे करून येतंय.

शेवटचा प्रश्न मी विचारला नाही. फोन बंद केला. बाहेर बायका डबे धूत होत्या. हे उठले, शर्ट झटकला आणि म्हणाले, "पास झालंय मा?"

भावजी, सात वर्षं मी या माणसाचे रविवारचे शर्ट धुतेय. ते काळे डाग बॉयलरचे नव्हते.

कागद येतील तुमच्याकडे सहीला. त्याआधी या. नाहीतर निदान यांच्याशी बोला.

गौरवी


२७ एप्रिल

भावजी,

तुमचं पाकीट मिळालं. संमतीपत्र, तुमची सही, आणि वर चिकटवलेली चिठ्ठी, "दादा म्हणेल तसं."

दादा काही म्हणत नाहीत, भावजी. तुम्हा सगळ्यांनी मिळून त्यांची म्हणायची सवयच घालवली. इतकं लांब पत्र लिहिलं, त्याचं उत्तर म्हणून तुम्ही पुन्हा तेच केलंत. न विचारता, न बोलता, सगळं त्यांच्या अंगावर टाकून मोकळे. यानाचं कवच तडकलं तर तुम्ही महिनाभर जागचे हलत नाही. इथे माणूस आहे, म्हणून चालतं?

पाकीट माझ्या कॉलेजच्या बॅगेत आहे. अजून कुणाला दिलेलं नाही.

आणि रागवायलाच बसलेय तर दुसरंही लिहिते. मला हा कारखाना हवाय. यांच्यासाठी नाही, बाबांसाठी नाही, मला. माझ्या प्रबंधात मी एक रकाना केलाय, 'घरातील इतर साहाय्य'. त्यात बायका येतात. बहिणी, सुना, आत्या. काल तो तक्ता भरताना हात थांबला. कॉलेजला जायच्या आधी बी उकडायला कोण लावतं? हौसा रजा कुणाकडे मागते? मुंबईच्या व्यापाऱ्याशी प्रतवारीवरून भांडतं कोण? मी स्वतःला त्या रकान्यात घालून मोकळी झाले होते, आणि मलाही कुणी विचारलं नव्हतं.

हे फाडून टाकायच्या आत पोस्टात टाकते.

गौरवी


१८ मे

प्रिय भावजी,

तुमचा फोन येऊन गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणतेय. तुम्ही सही मागे घेतलीत हे मी बाबांना सांगितलं. पण तुम्ही शेवटी जे म्हणालात, "वहिनी, मी दादाला विचारलं नाही, कारण तो नको म्हणाला असता तर मला राहावं लागलं असतं," ते मी कुणाला सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं, आणि मला नव्हे.

आता इकडचं. त्याच संध्याकाळी मी बल्कांवात बाबांच्या शेजारी कदेल ओढून बसले. म्हटलं, "बाबा, जागा विकू नका. कारखाना मी चालवीन."

त्यांनी मान वळवली. "तूं?"

"हो."

"आनी... प्रशांत?"

"ते वास्कोला जातील. टगवर. त्यांना तेच करायचं होतं."

मला वाटलं रागावतील. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. मग एकेक शब्द जोडत म्हणाले, "सांजचो... घरा येतलो?"

"रोज नाही. शनिवारी येतील."

"जेवणाचां... थंय?"

एवढंच त्यांनी विचारलं. त्या थोरल्या मुलाबद्दल, ज्याला त्यांनी नऊ वर्षं शेजारी बसवून कधी "कसा आहेस" विचारलं नाही. मग म्हणाले, "कंपनीक... ना म्हणून सांग." आणि तोंड बागेकडे फिरवलं. मी उठले, त्यांना बघत बसणं बरं दिसलं नसतं.

आईंचं वेगळं. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. "लोक म्हणतले, सुनेन घोवाक घराबाहेर काढलो आनी आपण मालकीण झाली." मी म्हटलं, म्हणू देत. पण रात्री यांना सगळं सांगितलं तेव्हा हे वेगळंच बोलले.

"म्हणजे तू बाबांकडे गेलंस, माजो निवाडो केलंस, आनी माका आता सांगतंस. तू पण विचारूक नाय."

भावजी, मी तुमच्यावर कागदभर ओरडले होते, आणि जे तुम्ही केलंत तेच मी केलं. चांगल्यासाठी केलं असं मी म्हणणार होते. बाबांनीही चांगल्यासाठीच केलं असेल.

तेव्हा मग विचारलं. "तुम्हाला जायचंय?"

ते कूस बदलून झोपले. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. तिसऱ्या दिवशी बी वाळत घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाबलीक फोन केलंय. माका भय दिसता, गौरवी. एकेचाळीस वर्सांचो झालंय. हात चलतले काय नाय?"

मी म्हटलं, "मलाही भीती वाटते. बॉयलरची."

त्यावर मात्र ते हसले, आणि उरलेली दुपार मला बॉयलर समजावून सांगत होते.

गौरवी


२९ जून

प्रिय भावजी,

हे गेले. पेडण्याहून पणजी, पणजीहून वास्को, सकाळच्याच बसने. जागा हंगामी आहे, वर्षभराची, पुढचं पुढे. आईंनी तोंड फिरवून ठेवलं होतं, पण पिशवीत आंब्याची साठं आणि लोणच्याची बाटली कुणी भरली ते मी पाहिलं.

मी कॉलेजातून वर्षाची बिनपगारी रजा घेतलीय. प्रबंधाला मुदतवाढ मिळाली. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून वाफ जास्त झाली आणि एक अख्खी खेप शिजून मऊ पडली. बायकांनी ती बाजूला ओतली. मी ऑफिसात जाऊन रडले. मग हौसा दारात येऊन म्हणाली, "बाई, रडून झालं असेल तर उद्याची बी कधी लावायची ते सांगा." सांगितलं. ती खेप बरी उतरली.

तुमचा निरोप वाचला. "तडकलं." त्यापुढे काहीच नाही, आणि त्यानंतर तुम्ही फोन उचलत नाही. तेल घातलेला तुकडा आधीच्यापेक्षा जास्त टिकला पण सांध्यात फुटला, एवढं तुमच्या सहकारी वर्षाताईंनी सांगितलं, एकदा तुमचा फोन उचलून. तुम्ही प्रयोगशाळेतच झोपता असंही म्हणाल्या. मी अंतराळातलं काही जाणत नाही. तुम्ही जेवता का, एवढं कळवा.

आणि एक कबुली. तुमची सगळी पत्रं मी यांना वाचायला दिली. विचारून द्यायला हवी होती. या घरात आलेय, घरासारखीच झालेय.

गौरवी


वास्को
३ ऑगस्ट २०२५

चि. गौरेश यास अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायची सवय नाही, शाळेत निबंध लिहिला तो शेवटचा. तुझी वहिनी म्हणते फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितो.

मी बरा आहे. बाबलीबरोबर खोलीत राहतो. तो घोरतो. सुरुवातीला हात चालत नव्हते. एक पंप तीनदा खोलून तीनदा बसवला तरी तेल गळत होतं, कप्तान वर उभा राहून शिव्या देत होता, आणि मला परत हळर्णाला पळून जावंसं वाटलं. चवथ्यांदा बसला. आता रात्रपाळीही देतात. परवा पावसात एक मोठं जहाज आत घेतलं. दोर ताणला गेला की अख्खी बोट कशी थरथरते ते तुला दाखवायला हवं.

तुझं फुटलं, ऐकलं. मला त्यातलं कळत नाही. फुटलं म्हणून तू फुटू नको.

तू वहिनीला फोनवर जे सांगितलंस ते तिने मला सांगितलेलं नाही. काहीतरी आहे एवढं तिच्या तोंडावरून कळतं. मी तिला विचारणार नाही. तुला सांगायचं असेल तर मला सांग, नसेल तर राहू दे. मीही तुझ्याशी नऊ वर्षं गप्प राहिलो ते काही तुला शहाणा करायला नव्हे. राग होता. अजून थोडा आहे. पण इथे सकाळी इंजिन चालू झालं की तो आठवत नाही.

बाबा काल काठी धरून फाटकापर्यंत चालले. आईने फोनवर सांगितलं आणि रडली. त्यांचं बोलणं अजून जड आहे, पण तुझं नाव स्पष्ट येतं. घरी जातो तेव्हा मीच ऐकतो, दुसरं कुणी तुला कळवत नाही म्हणून सांगतो.

वहिनीच्या हाताखाली कारखाना बरा चाललाय. माझ्यापेक्षा बरा, असं हौसा माझ्या तोंडावर म्हणाली.

आता शुद्ध लिहून कंटाळलो. आयक. चवथ ह्या महिन्याच्या आखेरीक आसा. गणपतीवरची फळांची माटोळी बांधूक दोन माणसां लागतत आनी बाबांचो हात चलणा. तू ये. चार दीस ये, दोन दीस ये. तिकीट काढलंस की विमान मोपाक किती वाजता उतरता तां कळय.

मी येतंय तुका न्हेवक.

प्रशांत